एक डोंगर जास्तीचा

आपली पोरगी नेमकं काय काम करते, हे आशाबाईला बाजारात कधीच धड सांगता आलं नाही. तसं पाहिलं तर आशाबाई सांगण्यात कमी पडणारी बाई नव्हे. तेलंगणातल्या भैंसा गावच्या बाजारात तिच्या वांग्यांसमोर जो थांबला, तो त्या वांग्यांचं सगळं खानदान ऐकल्याशिवाय सुटत नसे. पण शेजारी मेथीच्या जुड्या मांडून बसणारी तुळजाबाई मधूनच विचारायची, "आशे, तुई चंदा आदिलाबादले काय करते वं?" आणि आशाबाईची गाडी तिथं रुतायची.

"तपासते."

"काय, पेशंट?"

"नाई वं. ज्वारी."

"ज्वारी तपासाले पगार भेटते? मी तं दातानं तपासते, फुकटात."

सगळ्या बायका हसायच्या. आशाबाईही हसायची आणि घरी जाऊन तो राग फोनवर चंदावर काढायची. "एका वाक्यात सांग बरं, काय करते तू?" एकदा चंदाने बराच विचार करून सांगितलं, "माय, मी अंधारात उजेड मोजते." आशाबाईने दुसऱ्या दिवशी बाजारात हेच सांगून पाहिलं. तुळजाबाईने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मेथीवर पाणी शिंपडलं.

खरं म्हणजे चंदाने थाप मारली नव्हती.

चंदा वाढली वांग्यांच्या टोपलीशेजारी. सातवीपर्यंत गावातली मराठी शाळा, पुढे तेलुगू हायस्कूल, मग निर्मलच्या कॉलेजात सगळं इंग्रजी. त्यामुळे तिची तऱ्हा अशी झाली की पाढे मराठीत, भांडण तेलुगूत आणि रसायनशास्त्र इंग्रजीत. बी.एस्सी. झाल्यावर आदिलाबादच्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेत तिला काम मिळालं, ते बाटल्या धुण्याचं. बाटल्या धुता धुता ती इतक्या वेळा "काऊन?" विचारायची, की प्रयोगशाळेचे प्रमुख केशवराव सर वैतागले. गळ्यात दोरीने चष्मा अडकवून फिरणारा, बोलताना अर्धं वाक्य गिळणारा हा माणूस. हैदराबादच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने नको झालेलं मशीन इकडे पाठवलं होतं आणि त्याला उजेड पकडणारी पेटी सरांनी स्वतःच्या हाताने जोडली होती. एक दिवस सर म्हणाले, "तुला एवढे प्रश्न पडतात ना, मग त्यालाच विचार." आणि चंदाला मशीनसमोर बसवून दिलं. तिथून ती उठलीच नाही.

ते मशीन काय करतं, हे आपण आशाबाईपेक्षा सावकाश समजून घेऊ. लाल ज्वारीचा कोवळा दाणा चावला की जीभ ओढल्यासारखी होते. पाखरंसुद्धा त्या कणसाच्या फारशी नादी लागत नाहीत. हा तुरटपणा ज्यांच्यामुळे येतो, त्यांत फिनॉलांची भावकी मोठी. ज्वारीत, मोहाच्या फुलांत, बेज्जूरच्या जंगलातल्या मधात, जिकडे बघावं तिकडे हे भाऊबंद बसलेले. कोणतं फिनॉल किती, हे जिभेला सांगता येत नाही. म्हणून दाण्याचा अर्क काढून, बारीक भुकटी ठासून भरलेल्या एका पोलादी नळीतून जोराने ढकलतात. केसलापूरच्या जत्रेत माणसं शिरतात एकदम, पण बाहेर कशी पडतात? कोणी सरळ चालत सुटतो, कोणी प्रत्येक दुकानापाशी रेंगाळतो. तसंच इथं. एकेक फिनॉल आपापल्या सवडीने नळीबाहेर येतं. आलं की त्याची गाठ पडते पोटॅशशी. गावच्या विहिरीत टाकतात ते जांभळं पोटॅश, तेच, फक्त आम्ल घातलेलं. दोघांची भेट झाली की किंचित उजेड पडतो. इतका किंचित, की त्याच्यापुढे काजवा म्हणजे हॅलोजन. डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. काळ्या पेटीत ठार अंधार करून बसवलेलं यंत्र तो टिपतं आणि संगणकावरची रेघ वर चढून खाली उतरते. एक फिनॉल, एक डोंगर. शास्त्रातलं नाव केमिल्युमिनेसन्स. बाजारात सांगायला त्याचा उपयोग शून्य.

तर यंदा नवरात्रात, बतुकम्माच्या दिवसांत हैदराबादहून एक बंद बाटली आली. तिच्यात कोणकोणती फिनॉलं घातली आहेत ते त्यांना ठाऊक, ओळखायची आपण. ओळखलं तर मशीन आदिलाबादला राहणार. चुकलं तर परत हैदराबादला जाणार, कारण मशीन चांगलं आहे पण तिकडच्या गावात ते नीट वापरलं जातं का, अशी कोणाला तरी शंका आली होती. आणि चंदाची नेमणूक मशीनवर होती. मशीन ट्रकमध्ये चढलं की चंदाही निघणार. हैदराबादला नव्हे, गावाला.

तिने हे आईला फोनवर सांगितलं. आशाबाईने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे परीक्षा मशीनची आन नापास व्हनार तू?"

"तसंच समज."

आशाबाईने तसंच समजलं आणि ती कामाला लागली.

दरवर्षी खंडेनवमीला ती तराजू धुऊन पुसून मांडायची. वजनं, विळा, टोपली, आणि चंदाचे वडील सुधाकरराव यांचा फवारणीचा पंप. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं फूल. यंदा पंपाला फूल वाहताना तिच्या लक्षात आलं, की घरातलं एकच हत्यार इतकी वर्षं बिनपूजेचं राहिलंय. आणि नेमकं त्याचीच परीक्षा! तिने हळदीची पुडी कमरेला खोचली आणि आदिलाबादची बस धरली.

प्रयोगशाळेला सुटी होती. चंदा एकटीच मशीन धुवून ठेवायला आली होती. दारात माय पाहून ती धावतच पुढे आली. बाप आजारी असेल असं वाटलं. तसं काही नव्हतं.

"हेच का तुयं मशीन?" आशाबाईची निराशा लपली नाही. "मले वाटलं लय मोटं असंल. हे तं फ्रीजवानी हाय."

चंदाला वाईट वाटलं. तिने मशीनचा ट्रे उघडून दाखवला. छोट्या छोट्या बाटल्या, प्रत्येकीला रबरी झाकण. वरून सुई येते, झाकणातून आत शिरते, थेंबभर उचलते आणि नळीत सोडते.

"आन ही कोपऱ्यातली तपकिरी?"

"तिच्यात सुई आंघोळ करते. एका बाटलीतून दुसरीत जाताना आधी तिच्यात बुडी मारते. नाईतं एकीचं दुसरीले लागते."

"दर येळी आंघोळ करून मंग कामाले लागते?" हे मात्र आशाबाईला फार पटलं. "तुयापेक्षा शाणी हाय."

मग कमरेची पुडी बाहेर आली. चंदा मध्ये उभी राहिली. "माय, इथं नाई. मशीनले बोट बी लावायचं नाई. सर वरडतील."

"कोनत्या गावचे हायेत तुये सर? त्याईच्या घरी खंडेनवमी नाई करत?"

"घरी करत असतील. इथं नाई."

बराच वेळ घासाघीस झाली. आशाबाईचा धंदाच तो. शेवटी टेबलाच्या पायावर सौदा पटला. टेबलाच्या पायाला हळद, कुंकू आणि एक झेंडू. चंदा रस्त्यापलीकडून चहा आणायला गेली. परत आली तेव्हा आशाबाई स्टुलावर, शाळेच्या फोटोत बसतात तशी, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. चहा पिऊन ती संध्याकाळच्या आत गावी पोचायचं म्हणून लगेच निघाली. चंदाला वाटलं, माय किती निमूट गेली. तिला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दसरा झाला. चंदाने हैदराबादची बाटली उघडली, थेंब मशीनला दिला आणि संगणकासमोर बसली. पहिला डोंगर आला. दुसरा, तिसरा, चौथा. सगळे ओळखीचे, त्यांची नावं ती झोपेतही सांगू शकली असती. मग रेघ बराच वेळ सपाट चालली आणि आता संपलं म्हणताना हळूच वर चढली. पाचवा. थोराड, आणि त्याच्या अंगाला चिकटून दोन छोट्या टेकड्या.

"लपवला होता!" केशवराव सर ओरडले. "चार सोपे घातले आणि पाचवा... म्हटलं ना, हे लोक..." त्यांनी वाक्य गिळलं आणि चंदा नको नको म्हणेपर्यंत हैदराबादला फोन लावला. "पाच सापडले, साहेब. पाचवा तर फार शेवटी लपवला होतात तुम्ही."

पलीकडून थंडपणे उत्तर आलं, "जे सापडलं ते रिपोर्टमध्ये लिहा."

चंदाला तो थंडपणा आवडला नाही. तिने एका स्वच्छ बाटलीत नुसतं मिथेनॉल, अर्क काढायचं आणि सुई धुवायचं स्पिरिट, भरलं. त्यात काहीच नाही, म्हणजे रेघ सपाट यायला पाहिजे. पहिले चार डोंगर आले नाहीत. पाचवा आला, आपल्या दोन टेकड्यांसकट, जसा काही तो इथलाच रहिवासी आहे.

सर चष्मा पुसत बसले. पाचवा डोंगर हैदराबादच्या बाटलीत नव्हताच, मशीनच्याच पोटात होता. आणि ते पाच सांगून बसले होते. आता माघार घ्यायची तर कारण द्यावं लागणार. नुसतं 'चुकलं' म्हटलं की ट्रक दारात.

चंदाने नळी बदलली. पोटॅश नव्याने केलं. मिथेनॉलची नवी बाटली फोडली. आंघोळीच्या बाटलीकडे तिचं लक्षच गेलं नाही. घर झाडताना झाडूच झाडायचा राहावा, तसं. डोंगर जागचा हलला नाही. पलीकडच्या टेबलावर माती तपासणारा विनय मधूनमधून येऊन डोकावायचा आणि सल्ले द्यायचा.

"चंदाताई, नजर लागली मशीनले. लिंबू-मिरची बांदा."

"तुया तोंडाले बांदते."

"माया तोंडाले बांदून डोंगर उतरत असंल तं बांदा, ना नाई."

चंदाला एरवी हसू आलं असतं. ती जिन्यात जाऊन बसली आणि तिने आईला फोन लावला. डोंगराबद्दल सांगायला नव्हे. आपण कदाचित गावी येऊ, आपली जुनी खाट तेवढी मोकळी करून ठेव, हे सांगायला.

"असं कसं?" आशाबाई चिडली. "म्या तं सगळं बराबर केलं व्हतं!"

"काय केलं व्हतं?"

आशाबाई गप्प. भैंशाच्या बाजारात ही गोष्ट कोणाला खरी वाटली नसती.

"माय?"

"टेबलाले लावली हळद. तू सांगतली तशी."

"आन?"

"आन काय. काई नाई."

"माय!"

"अवं, तूच म्हनली ना, ती सुई दर येळी आंघोळ करते म्हून. न्हालेल्या बाईले हळद-कुंकू लावल्याबिगर उटवते का कोनी? तुया परीक्षेचा टाइम. लावली जराशी, बोटाच्या टोकानं, त्या तपकिरी बाटलीच्या तोंडाले. कुंकू नाई लावलं हं. म्हटलं लाल डाग तुया सराले दिसंल."

चंदा जिन्यावरून उठली ती फोन बंद न करताच. ओढणीत खोचलेल्या फोनमधून आशाबाईचा आवाज येत राहिला, "काऊन? काय झालं? बोल ना वं!"

तपकिरी बाटलीच्या झाकणावर काहीच दिसत नव्हतं. सुई जिथून आत शिरते तिथं सगळी हळद केव्हाच आत खेचली गेली होती. चंदाने बाटलीतलं मिथेनॉल पांढऱ्या गाळण-कागदावर ओतलं. फिक्कट पिवळं वर्तुळ उमटलं, लग्नघरातल्या रुमालावर असतं तसं. सुई प्रत्येक वेळी या हळदीच्या पाण्यात न्हाऊन निघत होती आणि प्रत्येक बाटलीला हळद लावत सुटली होती. आणि हळदीचा पिवळेपणा म्हणजे तरी काय? तेही त्याच भावकीतलं, फिनॉलच.

पण चंदाला नुसतं वाटून चालणार नव्हतं. ती टेबलाखाली वाकली. पायाला लावलेली हळद अजून तिथंच होती, झेंडूही सुकून बसला होता. तिने नखाने कणभर हळद खरवडली, मिथेनॉलमध्ये विरघळवली, सुईला आंघोळीसाठी नवी बाटली दिली आणि मशीन चालू केलं. बराच वेळ सपाट रेघ. मग त्याच जागी तोच थोराड डोंगर, अंगाला त्याच दोन टेकड्या. त्यानंतर तिने पुन्हा सगळं धुऊन हैदराबादचा थेंब दिला. चार डोंगर आले आणि पुढे रेघ अशी सपाट गेली, की चंदाला तिचा मुका घ्यावासा वाटला.

आता सरांना सांगायचं होतं.

केशवराव सरांनी ऐकलं आणि आधी रागावायचं ते रागावून घेतलं. बाहेरचं माणूस आत आणलं, ट्रे उघडा टाकून चहाला गेली, प्रयोगशाळा आहे का गोठा. चंदा मान खाली घालून उभी होती, कारण यातलं एकही खोटं नव्हतं. राग संपला तसे सर पुढच्या अडचणीवर आले.

"मी त्यांना पाच सांगितलेत."

"व्हय सर."

"असं करू. नळी जुनी होती, तिनं घाण सोडली, असं लिहू. नळीवर कोणी संशय... सगळे नळीवरच ढकलतात."

"सर, नळी चांगली हाय. तिच्यावर काऊन घालायचं?"

"मग काय लिहू? मुलीच्या आईनं सुईला हळद लावली?"

"लिहा."

"हसतील ते!"

"हसू द्या. तुळजाबाई रोजच हसते."

"कोण तुळजाबाई?"

"हाय एक."

सरांच्याने ते लिहवेना. शेवटी चंदाने स्वतः टाइप केलं. चार फिनॉलांची नावं. मग खाली: पाचवं जे फोनवर सांगितलं होतं ते आपल्या बाटलीतलं नाही, आमच्याकडचं आहे, हळद. सुई धुण्याच्या बाटलीत पडली होती, टेबलाच्या पायावरच्या हळदीशी ताडून पाहिली, काढून टाकली. हळद असतानाची आणि नसतानाची रेघ सोबत जोडली आहे. 'कारण' या रकान्यात तिची बोटं थांबली. नवरात्रात मायने तिच्या काळजीने केलेला बसचा प्रवास त्या रकान्यात मावणारा नव्हता. तिने लिहिलं: खंडेनवमीची पूजा, माझ्या आईच्या हातून; ट्रे उघडा मी ठेवला होता.

पाठवल्यावर दोन दिवस ती मशीनच्या काळ्या पेटीवरची धूळच पुसत राहिली. तिथं धूळ नव्हती.

मग फोन आला. सरांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. हैदराबादचे साहेब आधी पोटभर हसले. विनयही हसला आणि चंदाने त्याच्याकडे पाहिल्यावर खोकला. हसून झाल्यावर साहेबांनी सांगितलं, की बाटलीत चारच होती आणि चारही बरोबर. अशा बाटल्या त्यांनी इतरांकडेही पाठवल्या होत्या. जास्तीचा डोंगर आणखी एका ठिकाणी निघाला होता. तिथल्या लोकांनी तो गुपचूप खोडून टाकला आणि कच्ची रेघ मागितल्यावर उघडे पडले. "तुम्ही उगम शोधला. मशीन राहू द्या तिथंच. फक्त ती धुण्याची बाटली कुलपात ठेवा," साहेब म्हणाले, "आणि तुमच्या आईला पुढच्या वर्षी मशीन बंद असताना बोलवा."

चंदाने जिन्यात जाऊन फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.

"मायामुळे बिघडलं का वं?" आशाबाईचा आवाज अगदी बारीक झाला होता. दोन दिवस ती बाजारात गेली नव्हती.

खोटं बोलायला फारशी मेहनत नव्हती. पण आत्ताच साहेबांकडून शाबासकी घेऊन आलेली चंदा म्हणाली, "बिघडलं व्हतं, माय. निस्तरलं म्या."

"मशीन राह्यलं?"

"राह्यलं. मी बी राह्यली."

पलीकडे एक लांब श्वास ऐकू आला, आणि त्या श्वासाच्या टोकाला आशाबाई पुन्हा आशाबाई झाली. "मंग हळदीनंच राह्यलं!"

"हळदीनं जात व्हतं, माय!"

"पन त्याले दिसली ना? बोटाच्या टोकायेवढी हळद, त्या एवढ्याशा बाटलीत, आन त्याले दिसली?"

"दिसली. डोंगरायेवढी दिसली."

"दिसंलच," आशाबाई म्हणाली. "घरची हाय. बाजारची नाई."

दुसऱ्या दिवशी ती वांगी घेऊन आपल्या जागेवर हजर होती. तुळजाबाईने जुड्या मांडता मांडता सवयीने विचारलं, "काय म्हन्ते तुई चंदा? उजेड मोजला का?"

"मोजला," आशाबाई म्हणाली. तिने अंगठ्याने बोटाचं टोक दाबून दाखवलं. "येवढीशी हळद पान्यात टाकली व्हती. रंग दिसंना, वास येइना. हैदराबादवाल्याईची शंका फिटली. चंदानं ती हळद अंधारात पकडली. तू तुया दातानं पकडून दाखव."

तुळजाबाईच्या हातातली जुडी हातातच राहिली. तिने बराच वेळ डोकं चालवलं आणि मग नेमका नको तो प्रश्न काढला. "आन वं आशे, त्या पान्यात हळद टाकली कोनं?"

आशाबाई समोरून चाललेल्या गिऱ्हाइकाकडे वळली. "या भाऊ, या! वांगे पाहा कसे हायेत. आज सकाळीच तोडले, हात लावून पाहा..."